आगीत बसलेला तो कुत्रा नक्की कधीचा? २०१३, २०१४ की २०१६?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत असा आहे: चारी बाजूंनी पेटलेल्या खोलीत कॉफीचा मग समोर ठेवून बसलेला टोपीवाला कुत्रा, 'दिस इज फाइन' म्हणणारा, त्याचं मूळ शोधताना तुम्हाला तीन ठिकाणी तीन वेगळी वर्षं मिळाली, २०१३, २०१४ आणि २०१६, तर त्यातलं खरं कुठलं. शिवाय एवढं भारी मीम होतं तर आधीची दोन-तीन वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, आणि उद्या दुसऱ्या एखाद्या रिअ‍ॅक्शन मीमचं, म्हणजे कशाला तरी उत्तर म्हणून टाकल्या जाणाऱ्या चित्राचं, मूळ स्वतः शोधायचं झालं तर सुरुवात कुठून करायची. तुम्हाला ते ट्रेनिंगच्या प्रेझेंटेशनमध्ये घ्यायचंय आणि स्लाइडखाली नाव-वर्ष बरोबर टाकायचंय, हेही लिहिलंत ते बरं झालं, कारण उत्तर बरंचसं त्यावरच ठरतं.

तिन्ही वर्षं बरोबर आहेत. टाळाटाळ करत नाहीये, खरंच तिन्ही बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि लिहिणाऱ्यांनी आपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते सांगितलं नाही.

मी बरीच वर्षं बातम्यांसाठी फोटो आणि व्हिडिओ पडताळायचं काम करते, म्हणजे कालचा म्हणून फिरणारा फोटो खरंच कालचा आहे का, त्या शहरातला म्हणतायत तो त्याच शहरातला आहे का वगैरे. मीमचं मूळ शोधणं हे त्याच कामाचं धाकटं भावंड, हत्यारं सगळी तीच, फक्त डोक्यावर डेडलाइन नसते. या कामात एक सवय लागते ती अशी की 'हे कुठून आलं' असं कुणी विचारलं की मी आधी तीन तारखा वेगळ्या काढते. एक, चित्र किंवा व्हिडिओ मुळात बनला कधी. दोन, कुणीतरी त्यातला तुकडा कापून तो दुसऱ्याच गोष्टीला उत्तर म्हणून वापरायला कधी लागलं. आणि तीन, ज्यांना मूळ वस्तूबद्दल काडीचीही माहिती नाही अशा लोकांच्या हातात तो तुकडा कधी गेला. माझ्या नोंदींमध्ये मी याला जन्म, काप आणि उडी म्हणते. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण काम भागतं.

आता कुत्रा घ्या.

के. सी. ग्रीन हा अमेरिकन कॉमिक आर्टिस्ट, २००८ पासून तो 'गनशो' नावाचं वेबकॉमिक चालवायचा, २०१४ मध्ये ते थांबलं. सलग गोष्ट अशी नव्हती, बहुतेक पानं स्वतंत्र, कधी विनोदी तर कधी नुसतीच विचित्र. त्यातलं ६४८ नंबरचं पान ९ जानेवारी २०१३ ला आलं. सहा चौकटी. पहिलीत कुत्रा टेबलाशी बसलाय, डोक्यावर छोटीशी गोल टोपी, टेबलावर मग, मागे ज्वाळा आणि छताशी धुराचा थर. दुसरीत तो जवळून दिसतो, डोळे टपोरे, चेहऱ्यावर हसू, आणि ते प्रसिद्ध वाक्य. बहुतेकांच्या लेखी कॉमिक इथेच संपतं, पण मूळ पानावर अजून चार चौकटी आहेत. त्यात तो म्हणतो की सध्या जे काही चाललंय ते मला मान्य आहे, मग कॉफीचा घोट घेतो, हात पेटतो तरी म्हणतो की ठीक आहे, सगळं ठीक होणारे, आणि शेवटच्या चौकटीत त्याचा चेहरा अक्षरशः वितळून ओघळतो. पहिल्यांदा पूर्ण पान बघणारी माणसं दचकतात, मी अनेकांना दाखवलंय. ग्रीनने पुढे सांगितलंय की त्या दिवसांत तो नैराश्यावरची औषधं स्वतःला नीट लागू पडावीत म्हणून खटपट करत होता, आणि हे माहीत असलं की ते पान फार वेगळं वाचलं जातं.

हा झाला जन्म. २०१४ मध्ये फक्त वरच्या दोन चौकटींचा तुकडा रेडिट आणि इमगरसारख्या चित्रं टाकायच्या साइट्सवर फिरायला लागला, अभ्यास अंगावर आलाय, काम साठलंय, आयुष्य हाताबाहेर चाललंय आणि मी मात्र असा बसलोय, अशा अर्थाने. हा झाला काप. तो पहिल्यांदा नेमका कुणी कापला यात मी पडत नाही, कारण कापणाऱ्याची नावं जवळजवळ कधीच टिकत नाहीत, आणि एकच तुकडा दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे कापलेला असणंही अगदी शक्य असतं, कात्री कुठे चालवायची ते चित्रच सांगत असतं.

उडी २०१६ ची. त्या वर्षी जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी रिपब्लिकन पक्षाच्या अधिकृत ट्विटर हँडलने हाच कुत्रा समोरच्यांना चिडवायला वापरला. ग्रीनने त्यावर जाहीरपणे लिहिलं, त्याचा आशय असा की सोशल मीडियावर हे वापरायचा हक्क सगळ्यांना आहे, पण व्यक्तिशः मला विचाराल तर यांनी ती पोस्ट काढून टाकावी. ऑगस्टमध्ये त्याने 'द निब' या कॉमिक्सच्या प्रकाशनासाठी नवीन कॉमिक काढलं ज्यात तोच कुत्रा भानावर येतो, ओरडतो, आणि आग विझवायला धावतो. त्याच वर्षी त्या कुत्र्याच्या मऊ खेळण्यासाठी किकस्टार्टर या वर्गणी जमवायच्या साइटवर पैसे गोळा केले, लक्ष्य ३५,००० डॉलरचं होतं, जमले साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे एव्हाना 'गनशो' कधीही न वाचलेली माणसंच जास्त होती, वाचलेली कमी. आणि त्यापुढची पायरी १ ऑगस्ट २०१८ ची, अमेरिकी सिनेटच्या इंटेलिजन्स कमिटीची सोशल मीडियावरच्या परकीय हस्तक्षेपाबद्दल सुनावणी होती आणि कमिटीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बर बोलताना म्हणाले की काहींना वाटतं आपण सगळे पेटलेल्या खोलीत शांतपणे कॉफी पीत 'दिस इज फाइन' म्हणत बसलोय. चित्र दाखवायची गरज पडली नाही. माझ्या मते मीम खऱ्या अर्थाने पसरल्याची खूण हीच, चित्राशिवाय नुसत्या शब्दांवर काम होतं.

तर २०१३ लिहिणारा जन्माबद्दल बोलतोय, २०१४ वाला कापाबद्दल, २०१६ वाला उडीबद्दल. २०१६ वाला कधीकधी 'अमेरिकन निवडणुकीतलं मीम' असंही लिहितो, ते मात्र चूक आहे, निवडणुकीने ते उचललं, बनवलं नाही.

आता दुसरा प्रश्न, मधली वर्षं ते कुठे होतं. माझं मत असं की रिअ‍ॅक्शन मीम पसरतं ते त्यातलं काहीतरी गळून पडल्यामुळे, आणि गळायला वेळ लागतो. कुत्र्याच्या बाबतीत गळला तो शेवट. सहा चौकटींच्या पानात आपण बाहेर उभे राहून एका प्राण्याचं स्वतःला फसवणं आणि त्याची शिक्षा बघतो, गोष्ट पूर्ण होते, त्यावर आपण काही चिकटवू शकत नाही. दोन चौकटींत शिक्षाच नाही, त्यामुळे तो कुत्रा आपण स्वतः असू शकतो आणि हसूही शकतो. शेवटच्या चौकटीसकट तेच पान कुणी 'सोमवारची सकाळ' म्हणून पाठवून बघा, वाचणारा हसायच्या ऐवजी फोन करून विचारेल बाबा रे बरा आहेस ना.

त्याला जोडून एक कोरडं तांत्रिक कारणही आहे, ते लोक विसरतात. सहा चौकटींचं उभं पान फोनवर वाचायला उघडावं लागतं, मोठं करावं लागतं. दोन चौकटी शेजारीशेजारी ठेवल्या की आडवा पट्टा होतो आणि फीडमध्ये सरकतानाच वाचून होतो. ट्विटरने ऑक्टोबर २०१३ पासून टाइमलाइनमध्येच फोटो दिसायची सोय केली, त्याआधी लिंकवर बोट ठेवल्याशिवाय फोटो दिसत नव्हता. त्या सोयीमुळेच कुत्रा पसरला असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही, पण एका नजरेत वाचून होणाऱ्या चित्रांचे दिवस त्यानंतर आले एवढं नक्की.

एखादी गोष्ट रिअ‍ॅक्शन म्हणून चालेल का हे बघायची माझी साधी कसोटी आहे, तिच्या आधी कुठलंही वाक्य ठेवून बघायचं. बॉसने मीटिंग ठेवली, कुत्रा. सर्व्हर पडला, कुत्रा. मॅच हरलो, कुत्रा. चालतं. याच कसोटीवर तो वळून बघणाऱ्या बॉयफ्रेंडचा फोटो पडतो, म्हणजे गर्लफ्रेंड शेजारी असताना दुसरीकडे वळून बघणारा. अँटोनिओ गिलेम या स्पॅनिश फोटोग्राफरचा २०१५ चा स्टॉक फोटो, मीम म्हणून गाजला २०१७ मध्ये. पण तो उत्तर म्हणून नुसता टाकून चालत नाही, तिन्ही माणसांवर लेबलं लिहावी लागतात, म्हणजे प्रत्येक वापरणाऱ्याला थोडं काम आहे. त्यामुळे त्याचा प्रवास वेगळ्या प्रकारचा, त्यात इथे शिरत नाही.

पापण्या फडफडवणाऱ्या माणसाची जिफ, म्हणजे काही सेकंदांचं हलतं चित्र, मात्र बघण्यासारखी आहे कारण तिथे गळलेली गोष्ट जवळजवळ हास्यास्पद आहे. तो ड्रू स्कॅनलन, 'जायंट बॉम्ब' या व्हिडिओ गेमच्या साइटचा तेव्हाचा व्हिडिओ प्रोड्यूसर. २०१३ मधल्या त्यांच्या एका व्हिडिओत त्याचा सहकारी जेफ गर्स्टमन 'स्टारबाउंड' नावाचा गेम खेळता खेळता म्हणतो की कुदळ घेऊन शेती करतोय, त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा चावट अर्थ निघतो, आणि स्कॅनलन कॅमेऱ्याच्या दिशेने दोनदा पापण्या मिटतो. बस, एवढंच. गेम खेळणाऱ्यांच्या वर्तुळात ती जिफ वर्षानुवर्षं वापरात होती, त्या लोकांना तो 'आपला ड्रू' होता, ओळखीचा माणूस. फेब्रुवारी २०१७ मध्ये ती ट्विटरवर मोठ्या प्रमाणात पसरली आणि तिथे तो कुणीच नव्हता, नुसता एक गोरा माणूस ज्याला आत्ता ऐकलेलं पटत नाहीये. ओळख गळली आणि मग ती सगळ्यांची झाली. मूळ विनोद ऐकून ही जिफ वापरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. स्कॅनलनने स्वतः याचा फार छान उपयोग केला, २०१९ मध्ये त्याने लिहिलं की हा माझा चेहरा, हा अब्जाहून जास्त वेळा बघितला गेलाय असं मला सांगतात, तुम्हाला यातून कधी आनंद मिळाला असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिससाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्या.

त्या काळात अजून एक गोष्ट बदलली होती. आधी रिअ‍ॅक्शन वापरायची तर स्वतःचं फोल्डर लागायचं, चेहरे सेव्ह करून ठेवायचे, नावं द्यायची, वेळेवर शोधून चिकटवायचे, त्यामुळे कुठून घेतलं हे थोडंफार डोक्यात राहायचं. जिफ शोधून देणारं गिफी २०१३ मध्ये आलं, ट्विटरने फेब्रुवारी २०१६ मध्ये जिफ शोधायचं बटण दिलं, त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवरही जिफ आल्या, गूगलने २०१८ मध्ये गिफीसारखंच असलेलं टेनॉर विकत घेतलं. आता आपण माणूस शोधत नाही, भावना शोधतो, 'काय??' असं टाइप करतो आणि पहिल्या चारांतला एक पाठवतो, आणि जो जास्त पाठवला जातो तो पुढच्याला अजून वर दिसतो. पाठवताना ना अपलोड करणाऱ्याचं नाव दिसत ना साल. म्हणून माझा अनुभव असा की २०१६ नंतर रुजलेल्या जिफचा उडीचा क्षण सापडतो, कापाचा सापडत नाही.

आणि हो, तीन तारखांमध्ये अंतर असलंच पाहिजे असं काही नाही. १२ जून २०१९, टाँटन, वर्ल्ड कप, ऑस्ट्रेलिया विरुद्ध पाकिस्तान. आसिफ अलीच्या हातून डेव्हिड वॉर्नरचा कॅच सुटतो आणि कॅमेरा प्रेक्षकांतल्या एकावर जातो, कमरेवर दोन्ही हात, ओठ घट्ट मिटलेले, संताप आणि हताशपणा यांच्या बरोबर मध्ये कुठेतरी. मॅच संपायच्या आत ते मीम झालेलं होतं. इथे काप लोकांना करावाच लागला नाही, तो टीव्हीच्या दिग्दर्शकाने आयता करून दिला, चेहरा फ्रेमच्या मधोमध, मागे गर्दी, काही सेकंदांचा शॉट, जणू जिफच. उलट टोकाला तो तोंड उघडून थक्क झालेला 'पोकेमॉन'मधला पिकाचू, मालिका १९९७ ची आणि मीम २०१८ चं. त्यामुळे 'जन्मापासून पसरायला साधारण किती वर्षं लागतात' असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर नाही, चित्र आयतं कापलेलं होतं की नाही यावर ते आहे.

आता शोधायचं कसं. हा भाग जरा लांबेल, कारण लोक पहिल्याच पायरीवर घाई करतात.

हातातली कॉपी तशीच सर्चमध्ये टाकू नका, आधी तिच्याकडे नीट बघा. सगळ्यात कमी खराब झालेली, सगळ्यात पूर्ण कॉपी मिळवायची असते. सगळ्यात मोठी असं म्हणत नाहीये, कारण मोठी केलेली खराब कॉपी भरपूर फिरत असते. कडा बघा. कुत्र्याच्या कापलेल्या कॉप्यांपैकी काहींत खालच्या कडेला पुढच्या चौकटीच्या रेघेचा केसाएवढा पट्टा राहून गेलेला असतो, तो दिसला की समजायचं खाली अजून काहीतरी होतं. अक्षरांच्या भोवती बघा, पुन्हापुन्हा सेव्ह झालेल्या कॉपीत काळ्या अक्षराभोवती करडे ठिपके साचतात आणि ज्वाळांचा सपाट रंग चौकोनाचौकोनांत फुटतो. वरच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण अर्धवट दिसत असेल तर तो कुणाच्या तरी फोनचा स्क्रीनशॉट आहे, मूळ नाही. कोपऱ्यात एखाद्या विनोदी पेजचा वॉटरमार्क असेल तर तो मालकाचा समजू नका, तो बहुतेक वेळा शेवटच्या उचलणाऱ्याचा असतो.

मग उलटा फोटो-शोध, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच टाकून ते अजून कुठे आहे ते शोधायचं. टिनआयवर 'सगळ्यात जुनं आधी' असं लावता येतं, म्हणून मी तिथून सुरुवात करते, पण तिथली तारीख ही टिनआयच्या यंत्राने ते चित्र पहिल्यांदा पाहिल्याची असते, चढवल्याची नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा. गूगल लेन्स ओळखायला चांगलं, काळ सांगायला कुचकामी. चेहरा असेल तर यांडेक्स हे रशियन सर्च इंजिन बघा. जिफ असेल तर तिचे दोन-तीन वेगवेगळे फ्रेम काढून प्रत्येक वेगळा टाका, आणि काहीच मिळालं नाही तर चित्र आरशासारखं उलटं करून टाका, कारण कॉपीराइटची यंत्रणा चुकवायला लोक व्हिडिओ उलटे करून चढवतात आणि नंतर त्या उलट्याचीच जिफ होते.

'नो युअर मीम' ही साइट २००८ पासून चालू आहे आणि या कामात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, पण तिला सुगावा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. कुठलीही नोंद उघडली की आधी बघा ती तपासून पक्की केलेली आहे की कुणीतरी नुसती सुचवलेली आहे, दोन्हीला तिथे वेगळी खूण असते. आणि नोंदीत दिलेल्या मूळ पोस्टपर्यंत स्वतः जा. पोस्ट मेलेली असेल तर तिचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, टाकून बघा. तिथली तारीख म्हणजे 'या दिवशी हे पान होतं' एवढंच, 'या दिवशी आलं' असं नाही.

तारखेची मर्यादा घालून गूगल सर्च केलं की एक सापळा हमखास लागतो. २०११ च्या पानावर २०१४ चं चित्र सापडतं आणि माणूस आनंदाने उडी मारतो. पान उघडून बघितलं तर लेख खरंच २०११ चा असतो, चित्र बाजूच्या 'हेही वाचा' पट्टीतलं असतं जी रोज बदलते. जुनी तारीख मिळाली की चित्र पानात नेमकं कुठे आहे ते बघितल्याशिवाय ती वहीत लिहायची नाही.

ट्विटरच्या पोस्टचा पत्ता हाताशी असेल तर पोस्ट डिलीट झाली तरी वेळ काढता येते. नोव्हेंबर २०१० नंतरच्या पोस्टच्या त्या लांबलचक नंबरातच मिलिसेकंदापर्यंतची वेळ दडलेली असते, ती उलगडून देणारी साधनं फुकट मिळतात. वेबकॉमिकमध्ये याहून सोपं, पानाचा अनुक्रमांकच पत्त्यात असतो, गनशोचं ६४८ तसंच, मागचं-पुढचं पान बघितलं की तारीख खोटी आहे का लगेच कळतं. आणि दोन ठिकाणी एका दिवसाचा फरक दिसला, म्हणजे एकीकडे ८ आणि दुसरीकडे ९, तर लगेच भांडायला जाऊ नका, तो बऱ्याचदा टाइमझोनचा असतो.

थांबायचं कधी? माझा नियम असा, मागे मागे जाताना जोवर चित्र कुणाला तरी उत्तर म्हणून टाकलेलं दिसतंय तोवर तुम्ही कापाच्या अलीकडेच आहात. ज्या ठिकाणी ते स्वतःच्या कारणासाठी आहे, म्हणजे कॉमिकचं पान आहे, एपिसोड आहे, मॅचचं प्रक्षेपण आहे, तिथे जन्म झाला. त्यानंतर बनवणाऱ्याने स्वतः कुठे दुजोरा दिलाय का एवढं बघायचं आणि वही मिटायची.

यातलं काय काय परिस्थितीवर आहे तेही सांगते. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, डिस्कॉर्ड यांच्या बंद ग्रुपमध्ये जे घडतं ते कुठल्याच सर्चला दिसत नाही, आणि काही मीम्सची उडी तिथेच झालेली असते, बाहेर दिसतो तो फक्त वर आलेला फेस. जुनी घरंही पडतात, व्हाइन हे छोट्या व्हिडिओंचं अ‍ॅप २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं, इमगरने २०२३ मध्ये बिनखात्याची जुनी पडून राहिलेली चित्रं काढायला सुरुवात केली, म्हणजे २०१४ च्या आसपासच्या कापांचे पुरावे आज शोधणाऱ्याला पाच वर्षांपूर्वीच्या माणसापेक्षा कमी मिळणार. म्हणून मी लिहिताना 'पहिली पोस्ट' कधीच लिहित नाही, 'सापडलेली सगळ्यात जुनी पोस्ट' लिहिते, संपादक कितीही ओरडला तरी.

परवानगीचं म्हणाल तर, मीम सगळीकडे आहे म्हणून ते कुणाचंच नाही असं होत नाही. मुठीत वाळू धरून बसलेला तो ठाम चेहऱ्याचा लहान मुलगा आठवतो ना, 'सक्सेस किड', तो फोटो त्याच्या आईने २००७ मध्ये काढलेला. २०२० मध्ये अमेरिकेतले खासदार स्टीव्ह किंग यांच्या प्रचार समितीने तो निधी गोळा करायला वापरला, आई कोर्टात गेली, २०२२ मध्ये ज्युरीने समितीला ७५० डॉलर द्यायला लावले आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टातही तो निकाल टिकला. रक्कम बारकी आहे पण मुद्दा कळतो, मित्राला पाठवणं वेगळं आणि पैसे किंवा मतं मागायला वापरणं वेगळं. तुमचं ट्रेनिंग आतल्या आत, फुकट असेल तर मी फार काळजी करणार नाही, पण फी घेऊन देताय किंवा स्लाइड्स विकताय तर चित्रकाराला विचारा, आणि कुठल्या देशाचा कायदा लागू होतो ते तुमच्याकडच्या जाणकाराला विचारा, तो माझा प्रांत नाही.

आता तुमची स्लाइड. तिथे चित्राचं श्रेय द्यायचंय, त्यामुळे जन्माचीच तारीख लागते, बाकी दोन नकोत. मी असं लिहीन: 'चित्र: के. सी. ग्रीन, गनशो वेबकॉमिक, ९ जानेवारी २०१३, सहापैकी पहिल्या दोन चौकटी.' उडीबद्दल बोलायचं असेल तर ते तोंडी सांगा, २०१६ चा प्रसंग सांगायला मजेशीर आहे. 'सहापैकी पहिल्या दोन' हे शब्द मात्र जागा वाचवायला म्हणून गाळू नका, आणि कुणीतरी उरलेल्या चार दाखवा म्हणणारच आहे, तेव्हा ६४८ नंबरचं पान आधीच दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवा.